खिडकीजवळची खाट

प्रिय भिंगरी,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. हे पत्र तुझी सूनबाई तुला वाचून दाखवणार, आणि माझं नेहमीचं अक्षर पाहून तिने पहिल्याच पानावर हात टेकले असते. सूनबाई, तुला एकच विनंती आहे. मधूनमधून मी तुझ्या सासूला चार शब्द सुनावणार आहे, ते गाळू नकोस. एकमेकींचं ऐकून घेण्यात आमचा जन्म गेलाय, तिला सवय आहे.

काल दुपारी मला उगीचच आपला टेलिफोन एक्स्चेंजचा हॉल आठवला. एका ओळीत मांडलेल्या उंच खुर्च्या, समोर दिव्यांचे बोर्ड, कानाला हेडफोन, आणि सगळ्यांच्या आवाजांचा मिळून होणारा तो एकसुरी गुंजारव. तू माझ्या डाव्या हाताला बसायचीस. बसल्या जागी गोल फिरायचीस म्हणून सुपरवायझरबाईंनी तुझं नाव भिंगरी ठेवलं, आणि मी एकदा बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलायची नाही म्हणून मी ठोकळी. पुढे बोर्ड गेले, यंत्रं आली, आपल्याला तक्रार विभागात बसवलं. तिथे दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी जिना उतरताना तू पहिल्यांदा म्हणालीस, की म्हातारपणी आपण दोघी एकत्र राहू, जिथे कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही अशा ठिकाणी. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं काय? तू म्हणालीस, तो आधी गेला तर. मी म्हटलं, आणि तू आधी गेलीस तर? तू जराही न थांबता म्हणालीस, "मग तू सांभाळ त्याला, मला काय विचारतेस?" आपण इतक्या हसलो की खालचा पहारेकरी वर बघायला आला.

तुझे यजमान गेले, वर्ष उलटलं, आणि आपण दोघी हा वृद्धनिवास बघायला आलो. तू सगळे नळ सोडून पाहिलेस. न्हाणीघरातला धरायचा दांडा ओढून पाहिलास. आचाऱ्याला आमटीत मीठ कोण ठरवतं असं विचारलंस, तो अजून ते सगळ्यांना सांगतो. तळमजल्यावरची ही खोली आपण नक्की केली आणि तू खिडकीजवळच्या खाटेवर बसून जाहीर करून टाकलंस, "ही माझी. तुला काय, तू भिंतीकडे बघूनही दिवस काढशील. माझी निदान नजर तरी हलती राहू दे." खिडकीतून धुण्याचं अंगण दिसतं. वाऱ्याच्या दिवशी सगळ्या चादरी एकदम फुगतात आणि धोबीणबाई त्यांच्यामागे धावतात. तुला फार मजा वाटली असती.

मी आले. तू नातवाची परीक्षा झाली की येणार होतीस. मग सूनबाईच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. सूनबाई, इथे तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझा काडीचाही दोष नाही. मग मुलाची बदली झाली, घर हलवायचं निघालं. प्रत्येक कारण खरं होतं, हीच तर अडचण. खोटं असतं तर मला भांडता आलं असतं. मॅनेजरबाई भल्या आहेत. त्यांनी ती खाट राखून ठेवली, मधल्या काळात चार-आठ दिवसांच्या पाहुण्या बायका तिथे झोपून गेल्या. कुणी घोरणारी, कुणी झोपेत हिशेब सांगणारी. दरवेळी चादर बदलली की मी ती खाट जरा हाताने सारखी करायची.

इथे वाईट नाही. सकाळी जेवणघरात व्यायाम असतो. फिजिओथेरपीची मुलगी आम्हाला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावते. ती म्हणते, ज्याला खुर्चीतून आपलं आपण उठता येतं त्याचं निम्मं म्हातारपण कमी. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, ते रोज नव्या सबबीने पुढची तारीख मागतात. ती मुलगी त्यांना रोज उठवतेच. ती मागे उभी असते, पण हात लावत नाही. फक्त हात जवळ ठेवते. पडणार नाही एवढा विश्वास माणसाला द्यायचा आणि उठायचं काम त्याचं त्याला करू द्यायचं, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

मग तू त्या दिवशी मुलाबरोबर आलीस. तुला आठवतं ना, जेवण झाल्यावर तू खिडकीची काच हातरुमालाने पुसलीस आणि म्हणालीस, "थंडी संपली की येते." त्या वेळी मला जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही. मला म्हणायचं होतं, की भिंगरी, आता नको जाऊस, आजची रात्र राहा, मुलाला म्हणावं उद्या बॅग आणून दे. मी काय म्हटलं? "ये तुला जमेल तेव्हा." असं म्हटलं, जसं तक्रार विभागात म्हणायचो, की आपली तक्रार नोंदवली आहे. तुझा चेहरा जरा उतरला. तू गाडीत बसलीस. मी फाटकापर्यंत आले नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मला वाटत होतं, हिला यायचंच नाही, नुसतं मन राखते आहे माझं. आणि मला कुणाला ओढून आणायचं नव्हतं. तू आपणहून यावंस, एवढाच माझा हट्ट. त्यानंतर मी तुला फोन करणं कमी केलं. आधी रोजचा आठवड्यावर आला, मग तुझा आला तरच. जन्मभर परक्यांचे नंबर जोडून दिले आणि तुझा एक नंबर फिरवायला माझं बोट जड झालं.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर एक कंडक्टरबाई राहायला आल्या. सबंध नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठावा. पण नवरा गेल्यापासून त्यांनी बोलणं सोडलं होतं. जेवायला खाली येत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून असत. त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या बाईंना ऐकू कमी येतं, त्यांचा टीव्ही दिवसभर मोठ्याने. मॅनेजरबाईंनी मला विचारलं, तुम्ही जरा जाऊन बसाल का त्यांच्याजवळ? मी गेले. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तेव्हा मला वाटलं, समोर माणूस बसलं की चेहरा करावा लागतो, आणि तेवढी ताकद यांच्यात उरलेली नाही. मी ऑफिसात गेले, मॅनेजरबाईंच्या खुर्चीत बसले आणि इंटरकॉमवरून त्यांच्या खोलीत फोन लावला. उचलला तेव्हा आपला जुना आवाज काढला. "नमस्कार, कुठला नंबर देऊ?" मग त्या म्हणाल्या, "कुठलाच नको," आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी लाव."

मी म्हटलं, "घरी कोण आहे?"

"कुणी नाही. वाजू दे."

घराचा फोन अजून बंद केलेला नव्हता. त्यांनी नंबर सांगितला, मी जोडून दिला आणि आम्ही दोघी, त्या वर आणि मी खाली, त्या रिकाम्या घरात वाजणारी घंटा ऐकत बसलो. त्या मला मध्येच म्हणाल्या, "स्वयंपाकघरातून फोनपर्यंत यायला एवढाच वेळ लागायचा ह्यांना." मग घंटा आपोआप थांबली. भिंगरी, इतकी वर्षं आपण घंटा ऐकल्या, पण घंटा अशी कधी ऐकली नव्हती. मग ते रोजचंच झालं. सकाळी चहाआधी मी फोन लावायची, त्या घर मागायच्या, आम्ही ऐकायचो. घंटेच्या मध्ये मध्ये त्या एकेक गोष्ट सांगायच्या. कधी कपाटाच्या दाराची, कधी नवऱ्याच्या खोकल्याची. एके दिवशी घंटा वाजलीच नाही. हा क्रमांक आता वापरात नाही, असं सांगणारा रेकॉर्डचा आवाज आला. मला वाटलं, आता त्या पुन्हा पांघरूण ओढून घेणार. त्या मात्र म्हणाल्या, "बरं. चहाला खाली येते मी." आणि आल्या. आता जेवणाच्या रांगेत त्या सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका करतात, आणि न्यायाधीशसुद्धा निमूट सरकतात.

हे सगळं होत असताना मला रोज वाटायचं, की हे काम दोघींचं आहे. एका बोर्डवर मी, एकावर भिंगरी. वरच्या दोन मजल्यांवर अशी कितीतरी माणसं आहेत. तू असतीस तर दोन दिवसांत सगळ्यांना चहाला खाली आणलं असतंस, त्यातल्या निम्म्यांना नाचायलाही लावलं असतंस. वाटायचं, पण तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, अगं, थांब, येतेच आता, आणि मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

थंडी संपली. तुझा फोन आला नाही. मी रागाने तारखा मोजल्या नाहीत असं स्वतःला सांगत राहिले. मग मॅनेजरबाई खोलीत येऊन बसल्या. म्हणाल्या, कंडक्टरबाईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, तळमजल्यावर एवढी एकच खाट मोकळी आहे, आणि तुम्हा दोघींचं जमतंही. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी काहीतरी दुसरं बघितलं असतं. मी हो म्हटलं. म्हणताना मला बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू. सोमवारी कंडक्टरबाईंचं सामान आलं. त्यांनी खिडकीच्या कडेला आपली औषधं मांडली.

आणि त्याच आठवड्यात सूनबाईचा फोन आला. तू स्वयंपाकघरात पडलीस, उजवी बाजू गेली, वाचा गेली, दवाखान्यातून घरीही आणलं. तुझा फोन का आला नाही, ते मला तेव्हा कळलं. मी रुसून बसले होते तेव्हा तू तिथे नळ्या लावून पडली होतीस. सूनबाईचं बोलून झाल्यावर मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. शेवटी कंडक्टरबाईंनीच तो माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला.

मी मॅनेजरबाईंना विचारलं. इथला नियम असा आहे की आपल्या पायांनी जेवणघरापर्यंत येता आलं पाहिजे. तुझ्यासारखीला बघायला इथे माणसं नाहीत. म्हणजे ती खाट मोकळी असती तरी उपयोग नव्हता, हे मला कळतं. पण ती मोकळी ठेवायला हवी होती असंच अजून वाटतं. त्याला मी काय करू. निदान आता मी रोज सकाळी फोन करणार आहे. सूनबाई, तू तो फक्त तिच्या डाव्या कानाला धर. तिने बोललंच पाहिजे असं काही नाही, गप्प माणसाशी बोलायची मला सवय झाली आहे. आणि तिला खुर्चीत बसवशील तेव्हा घाई करू नकोस. हात जवळ ठेव, पण जे तिला आपलं आपण जमतंय ते तिला करू दे, कितीही वेळ लागला तरी. भरवून टाकलंस तर लवकर आटपेल खरं, पण ती कायमची मागे जाईल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सूनबाई म्हणाली, की तुझ्या खाटेखाली एक बॅग सापडली, भरून ठेवलेली. पडायच्या आधीच तू कधीतरी भरली असशील, घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिने एकदा उघडली, तर तू डाव्या हाताने तिचं मनगट धरलंस आणि रडलीस, तेव्हापासून त्या बॅगेला कुणी हात लावलेला नाही. या बॅगेचं काय करू, असं ती मला विचारत होती. आत काय होतं ते तिने पाहिलं तेवढं सांगितलं. कपडे, नव्या सपाता, औषधांचा डबा, आणि एकाच कापडाचे दोन नवे अभ्रे. भिंगरी, तू येत होतीस. मी तुला विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस. मी विचारलं नाही. आता माझं एवढं ऐक. ती बॅग सूनबाईला उघडू दे. सपाता घाल, व्यायामाला त्या उपयोगी पडतील, कपडे कपाटात लागू देत. एक अभ्रा तुझ्या उशीला घालायला सांग आणि दुसरा मला पाठव. तो मी माझ्या उशीला घालीन. कंडक्टरबाई फार चांगल्या आहेत, पण तो मी त्यांना देणार नाही.

तुझीच,
ठोकळी