येळवशीला कौशी रडली न्हाई

बुधवार, येळवशीच्या दुसऱ्या रोजी

ती. अंजनाअक्का,

धाकट्या भामाचा नमस्कार. आमी हितं सगळे बरे हाव. तू, दाजी आन आश्रू कसे हायेत ते कळव. हे पत्र दाजीकडून वाचून घेऊ नको. अक्षर लागंना झालं तर थोडं थोडं वाच, पण तूच वाच. कौशीचं एक विचारायचं हाय, ते मागून लिहिते. आदी कालच्या येळआमुशेचं, येळवशीचं सांगते.

अवंदा ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जाग्यावरच वाळली. बैलं आन गाय कारखान्याच्या छावणीला नेऊन बांधलीत. मामाजी तिकडंच ऱ्हातेत. म्हैस तेवढी घरी ठिवलीय, डेअरीला दूध घालायला. हे टोळीसंगं ऊस तोडायला गेलेत. कौशी तान्ही म्हणून मला ठिवलं.

दरसाल ज्याची त्याची पुजेची कडब्याची कोप ज्याच्या त्याच्या रानात असती. अवंदा जनावराच्या तोंडचा कडबा काढून कोप कशी करावी? म्हणून साऱ्या वस्तीनं मिळून एकच कोप केली, ती बी तुराट्याची. आमच्या रानात केली, कारण आमच्या हिरीत अजून घागरभर पाणी झिरपतंय. पाच दगडाचे पांडव मांडले, चुन्यानं रंगवले. भज्जीला हिरवं काहीच न्हाई, ना वाटाणा ना हरभरा. बायकांनी डाळीच्या पिठावरच निभावलं. शेजारची विमलबाई पांडवाला निवद दाखवताना म्हणली, "देवा, अवंदा तुमी बी रेशनवरच." सगळ्या हसल्या. आंबील मात्र झाली, आन पोटभर झाली.

तान्ही लेकरं कोपीत घोंगडीवर निजवली व्हती. गडीमाणसं रीतीपरमाणं कोपीभवती फेऱ्या मारत ओरडत व्हते, पोरं थाळ्या बडवत व्हती. गहिनीनाथ भाऊजीच्या हातातली पितळी घागर निसटून दगडावर पडली, ती बी कुडापलीकडं लेकरांच्या उशालाच. विमलबाईचं पोर असं किंचाळलं की त्याला श्वास लागंना. बाकीची बी उठली. कौशी निजलेली ती निजलेलीच.

आत्याबाईनं तिला उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणल्या, "बघा माझी नात. साऱ्या वस्तीत अशी गुणाची न्हाई." बायकांनी तिची दिष्ट काढली. मी बी हसले. पण अक्का, माझी आंबील तशीच ऱ्हायली.

डेअरीची गाडी पहाटं आमच्या दारावरून हारन देत जाती. कुत्री उठतेत, म्हैस उठती. कौशी उठत न्हाई. मला वाटायचं, झोप चांगली हाय. मग एकदा मी दारातून, तिच्या पाठीमागून हाक मारली. ती वळली. मी तिला उचलून किती मुके घेतले. मग बघितलं तर ऊन माझ्या पाठीवर व्हतं आन माझी सावली तिच्या म्होरं पडली व्हती. सावली पडणार न्हाई असं उभं ऱ्हाऊन पुन्हा हाक मारली. ती आपली बोटं बघत बसली.

आत्याबाईला नुसतं म्हणले, हिला हाक कळत न्हाई वाटतं. त्यांनी उखळात मिरची कुटायला घेतली. कौशी भुईवर बसली व्हती, लगेच वळली. "ऐकतीय की," म्हणल्या. दुपारी त्या रानात गेल्यावर मी कौशीला बाजंवर बसवलं आन तसंच कुटलं. बाजंवर भुई हादरत न्हाई. कौशी वळली न्हाई.

अक्का, आश्रूचं तुला कसं कळलं व्हतं? तो तीन वर्साचा झाला तरी तू म्हणायचीस, बापासारखा उशिरा बोलंल. मग मोठ्या दवाखान्यातला डाक्टर तुला म्हणला, बाई, इतका उशीर कावून केला. तू घरी येऊन ते सांगितलं तवा मी चुलीम्होरं बसले व्हते. ते मी इसरले न्हाई.

माझ्या सोयरिकीच्या वक्ताला आपल्या अण्णांनी आश्रूला चुलत्याच्या रानातल्या आखाड्यावर धाडलं. लग्नात बी तो नव्हता. तू तशीच पंगतीत वाढत ऱ्हायलीस. हितं कुणालाच त्याचं ठावं न्हाई. आता कळलं तर म्हणतील, माहेराहून आणलं, आमाला फसवलं. मला लई भ्या वाटतंय. दवाखान्याचं नावच काढू नये असं बी मनात येऊन गेलं. हे उन्हाळा लागल्याबिगर यायचे न्हाईत. तवर थांबले तर मला बी कुणीतरी कावून म्हणंल.

गुरुवार

वरचं काल लिहिलं. आज सकाळी आत्याबाई म्हशीची धार काढत व्हत्या. मी म्हणले, संक्रांतीला माझ्या अक्काला बोलावते, तिच्या लेकरासंगं.

त्या म्हणल्या, "तुझ्या अक्काला लेकरू हाय? कधी बोलली न्हाईस."

मी म्हणले, "हाय. आश्रुबा नाव हाय. त्याला ऐकू येत न्हाई."

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा धार काढू लागल्या. चरवी घेऊन डेअरीवर गेल्या. आता माघारी येऊन काय म्हणतेत म्हणून मी कौशीला पोटाशी धरून बसले.

आल्या त्या हात धुवून बसल्या. कौशीला माझ्याकडून घेतलं, मांडीवर बसवलं आन तिच्या डोस्क्याच्या मागं टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग जोरानं वाजवली. कौशी माझ्याकडं बघून हसत व्हती.

मग पदरानं कौशीचं तोंड पुसलं आन मला म्हणल्या, "संक्रांत कशाला. लवकर ये म्हण तिला. दवाखाना तिला ठावा हाय."

तर अक्का, पत्र भेटलं की ये. आश्रूला संगं आण. आता त्याला कुठं धाडू नको. त्याच्यासाठी येळवशीचा एक बाजरीचा उंडा झाकून ठिवलाय, वाळला तरी दुधात कुस्करून दीन.

अजून एक. तू आश्रूला जेवायला कशी बोलावतीस, ते आल्यावर मला शिकव.

वाटंकडं डोळे लावून बसलेली,
कौशीची आई
भामा