पहिली मात्रा मोकळी

११ जून, गुरु.
ऑफिसनंतर डेसमंडच्या गॅरेजमध्ये. डेटा सेंटरमधला माझा सोबती, मूळचा जमैकाचा. कपाटाएवढे स्पीकर त्याने आणि त्याच्या भावाने मिळून बनवलेले. भाऊ गेल्यापासून बाहेर काढले नव्हते. रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला आणतोय, केवळ माझ्या आग्रहाखातर. रेगे लावलं, त्याच्या जमैकाचं संगीत. बास थेट छातीत. पहिली मात्रा साफ मोकळी, ठोका तिसरीवर. माझा हात सवयीने समेवर, त्या पहिल्या मात्रेवरच पडला. डे. हसला. "लीव्ह दॅट वन अलोन, मॅन. पीपल डान्स इन दॅट होल." कळलं म्हणालो.

१४ जून, रवि.
लिहवत नाही. पण
डे.चं छान चाललं होतं. लोक बसल्या जागी डुलायला लागले होते. कुलकर्णीकाका म्हणाले, "काही ठेका सापडत नाही बुवा. तू तुझा ढोल घे." हात शिवशिवतच होते. घेतला, आणि टिपरू हाणलं ते पहिल्या मात्रेवर. दरवेळी. सगळे उठून टाळ्या वाजवत नाचायला लागले. डे.चा हात व्हॉल्यूमकडे जाताना मला दिसला. आवाज कमी करत करत त्याने बंदच केला. मी थांबलो नाही.
नंतर काका: "तू होतास म्हणून रंग भरला." मी थँक यू म्हणालो. डे. शेजारीच केबल गुंडाळत होता.

१५ जून, सोम.
ईरा नाश्त्याला एवढंच बोलली, "दोज वेअर हिज ब्रदर्स स्पीकर्स, बाबा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको म्हणते, सॉरी म्हणून मोकळा हो, एवढं काय. गॅरेजमधलं तिला सांगितलेलं नाही. न कळून केलं असतं तर सॉरी म्हणायला तोंड तरी असतं.

१७ जून, बुध.
लंचला डे.च स्वतः टेबलाशी आला. "नो प्रॉब्लेम. युअर पीपल वेअर हॅपी." युअर पीपल. मी मान हलवली, डब्यात बघत राहिलो.
येताना गाडीत रेगे. हात स्टिअरिंगवर घट्ट, तरी बोट पहिल्या मात्रेला पडतंच. आणि लाज याचीही, की त्या टाळ्या आठवल्या की अजून बरं वाटतं.

१८ जून, गुरु.
डे.चा मेसेज. रविवारी दुपारी त्याच्या बॅकयार्डात स्पीकर लावतोय, भावाच्या आठवणीसाठी. घरची माणसं, जुने मित्र. शेवटी: "ब्रिंगिंग द ड्रम?"
टोमणा की बोलावणं? "येतो, ढोल नको" टाइप केलं, खोडलं. "आणतो" लिहिलं, तेही खोडलं. नेऊ नये हे कळतंय. न्यावासा वाटतोय.