रस्त्याकडे पाठ

"तिकडे भिंतीकडे बघा पोरांनो. कुलूप उघडताना बघायचं नसतं, स्वतःच्या घराचं असलं तरी."

आमच्या लहानपणी किल्ली हरवून आई रडकुंडीला आली होती, तेव्हा किल्लीवाले काका असे म्हणाले होते. मी आणि माझा धाकटा भाऊ बंड्या, दोघेही निमूट भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. काकांनी रस्त्याकडे पाठ केली, खांद्यावरचे फडके कुलपावर धरले आणि काम सुरू केले. दाराचे गुपित दारापाशीच राहावे, ही त्यांची रीत. पुढचे सगळे या वाक्यावर उभे आहे, म्हणून ते आधी लिहिले.

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा मालिकांना आवाज देणे, हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुरुवारी माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. आवाज जाणार हे नक्की. मी राहीन का, असे विचारले की डॉक्टर चष्मा पुसत बसतात.

एक. वरच्या मजल्यावरचा माझा अर्धा हिस्सा बंड्याला मिळावा. कोणतीही अट नाही. वकील म्हणाले, "बाई, अट घाला, सुतासारखा सरळ येईल." पण घरासाठी बोललेला शब्द मला नको.

दोन. दवाखान्याचे भागवून जे उरेल ते किल्लीवाल्या काकांच्या मुलीकडे द्यावे. काका स्वतः घेणार नाहीत.

कारण असे. या उन्हाळ्यात खालच्या आजींची किल्ली हरवली. त्यांनी काकांना बोलावले आणि जिन्याच्या सावलीत जाऊन बसल्या. काका नेहमीप्रमाणे पाठ करून, फडके धरून कुलूप उघडत होते. बंड्याने वर गॅलरीतून चित्रीकरण केले. त्याचे चॅनल आहे. युद्ध असो, क्रिकेट असो, नटीचा घटस्फोट असो, चहाच्या आधी त्याचे मत तयार असते. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बघा, दिवसाढवळ्या! तोंड लपवतोय, हात लपवतोय. मी फक्त प्रश्न विचारतोय," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत साप समजून भुई धोपटणारे जमले. काकांची टपरी फोडली आणि उजव्या हाताची बोटेही. आता ते मुलीकडे असतात. शर्टाची बटणे ती लावते.

बंड्याने व्हिडिओ गुपचूप काढून टाकला. ज्यांनी तो आधीच उचलला होता, त्यांच्याकडे तो अजून फिरतो आहे.

"लोकांनी मारलं, मी मारलं का?" तो म्हणतो. "आणि ताई, माफी मागितली की चॅनल संपलं."

मग मीच चौकात उभी राहून खरे काय ते सांगितले. उरलासुरला घसा ताणून सांगितले. आवाज ओळखून एक बाई पुढे आली. "अय्या, तुम्ही त्या मालिकेतल्या सूनबाई ना? थोडं रडून दाखवा ना!" फोटो काढून सगळे पांगले.

तीन. माझा आवाज. बंड्या परवा लाडाने म्हणाला, "तुझा आवाज यंत्रात घालू ताई, तू गेल्यावरही बोलशील." असे कुणीही करू नये. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले रडणे मी रडले. मेल्यावर तरी सक्ती नको.

चार. हार्मोनियम आजींच्या नातीला. ती बेसूर गाते, गाऊ द्यावे. आरसा कुणीही न्यावा.

हे वाचून, समजून सही केली.

साक्षीदार: खालच्या आजी (अंगठा). घशाचे डॉक्टर (सही).
स्थळ: आमची मागची खोली, जिथे भिंतीवर अजून आमच्या उंचीच्या रेघा आहेत.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.

सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणून हे इथे लिहिते.

बंड्या, त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून तू माझ्या शेजारी उभा होतास. माझं बोट धरून. ते पाठ का करतात हे त्या गर्दीत एकट्या तुला माहीत होतं. आता माझ्याकडे आवाज राहणार नाही रे, तुझ्याकडे आहे. एकदा त्याच गॅलरीत उभा राहा आणि सांग, "काका चोर नव्हते, आणि मला ते ठाऊक होतं." तू नाही म्हणशील. मान खाली घालून, फोन बघत नाही म्हणशील. तरी सांग ना, बाळा.