मधल्या घडीतली इरकल

प्रिय आई,

माळ्यावरून काढलेल्या तुमच्या गोधडीचं अस्तर विरलं म्हणून आज सकाळी ते उसवायला घेतलं आणि हात तिथेच थांबला. गोधडी बाजूला ठेवून आधी हे लिहायला बसले आहे. तुम्हाला माहीत होतं ना? पहिल्यापासून?

गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मी एक्सपोर्टच्या कंपनीत होते. तिथे विकायला काढलेलं एक विजेचं कटर मी घरी आणलं. बटण दाबलं की त्याचं गोल पातं गरगर फिरायचं आणि थराच्या थर कापड सपासप कापायचं. तुम्ही साताऱ्याहून लोखंडी पेटी घेऊन आलात आणि त्याच्याकडे अशा बघायला लागलात, जणू मी घरात परका माणूस आणून बसवलाय.

"नीला, एका दमात आठ घड्या कापतं म्हणतेस. मधल्या घडीत काय आहे ते त्याला कसं कळतं?"

मी हसले होते. तुम्ही मात्र प्रत्येक कापड चाचपून, ते कुणाचं होतं ते सांगून मगच त्याला कात्री लावायचात. किती तो संशय, असं मला वाटायचं.

एका रविवारी तुम्ही नोएडाला लेकीकडे, कुंदावन्संकडे गेला होतात. परत येईपर्यंत गोधडीचे चौकोन कापून ठेवावेत, तुम्ही खूश व्हाल, म्हणून मी पेटीतली जुनी लुगडी काढली. एक घडी केलेलं लुगडं तसंच टेबलावर दाबून धरलं आणि कटर फिरवलं. मध्येच ते गुरगुरलं. मी आणखी जोर लावला.

चौकोन उचलले, तर आतून डाळिंबी रंग! चांगली साडी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवतात हे मला काय माहीत नव्हतं? माझी आईही तसंच करायची. नेमकं तेव्हाच विसरले. आणि साडी तरी कोणती? मामंजींनी घेतलेली इरकल, शेवटी नेसवायला म्हणून तुम्ही राखून ठेवलेली.

सांगायचा धीर झाला नाही. ते तुकडे गोधडीच्या पोटात भरले आणि वरून मशीन मारली. तुम्ही आल्यावर गोधडी हातात तोलून पाहिलीत आणि म्हणालात, "जड झालीय."

तेव्हापासून मला तुमच्या साध्या बोलण्याचाही संशय यायला लागला. माझ्यासमोर पेटी उघडणं का सोडलंत? मे महिन्यातही तीच गोधडी का? ऑफिसमधून आल्यावर मी पेटीचं कुलूप हललंय का ते बघायचे. सासूवर पाळत ठेवत होते, आई!

शेवटच्या आजारात तुम्ही म्हणालात, "मला नेताना हीच अंगावर घाल." मला वाटलं, तुम्ही मला बोलतं करायला बघताय. कुणाच्या हातून उसवली तर? मी ती उचलून माळ्यावर टाकली.

तुम्ही गेलात त्या दिवशी कुंदावन्संनी इरकलीसाठी सगळी पेटी उपसली. साडी नाही म्हटल्यावर बोट कमलाकडे गेलं. दोन वर्षं तुमचं सगळं करणाऱ्या कमलाकडे! ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "भाभी, आप तो मुझे जानती हो." मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आणि आज बघते, तर आतले तुकडे सुटे नाहीत. काठाला काठ जुळवून, तुमच्या बारीक टाक्यांनी जोडलेले आहेत. गोधडीची एक बाजूही मशीनची नाही, हाताने शिवलेली आहे. मी ऑफिसला गेल्यावर बसत होतात का? म्हणजे तुम्ही तुमची साडीच मागत होतात आणि मी तीही दिली नाही.

एकदा रागवायचं तरी होतंत. की मी आपण होऊन सांगेन म्हणून वाट बघत होतात? फार वाट बघितलीत, आई. मला लाज वाटते.

कमला अजून सोसायटीमागच्या गावातच राहते. तिची सून आपल्या सोसायटीत कामाला येते, लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभी राहते. कुंदावन्संना मी आज बोलावून घेतलं आहे, कारण सांगितलेलं नाही. तुम्हाला शब्द देते, त्यांना घेऊन संध्याकाळी कमलाच्या दारात जाईन आणि तिच्या घरच्या सगळ्यांसमोर सांगेन की साडी मी कापली, मीच लपवली. तिने दार लावून घेतलं, तर उद्या पुन्हा जाईन.

तुमची सून,
नीला