राखणदाराचा घोट

लालबाग, मुंबई १२
दि. ११ एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप गुणाजीमामांच्या पायांवर भाचा जयवंत याचं डोकं, आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना वेगळा नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमचा गुडघा, मामीचा दमा, तांबडी गाय आणि शेजाऱ्याशी चाललेला माडाचा तंटा, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करतो. अंबिकेची जखम भरली. ती आता पाण्याचा हंडा उचलते आणि माझ्यावर ओरडतेही, तेव्हा पूर्ण बरी झाली असं समजावं. (मास्तर, यापुढे 'बाटली' शब्द आला की 'औषध' असं वाचावं. ओटीवर मामी असणारच.)

मामा, तुम्ही जे करायचं ते करून दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलात. पुढे काय झालं ते तुम्हाला कळवणं भाग आहे. पण मास्तरांना सुरुवात ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. (थोडक्यात मला जमत नाही, हे मामा सांगतील.) जानेवारीत मुंबईसाठी हरताळ झाला. ट्राम, बस, सगळं बंद, आणि नेमकं त्याच दिवशी अंबिकेचं अपेंडिक्स पोटात फुटलं. चाळीतल्या लोकांनी तिला खाटेसकट उचलून परळच्या इस्पितळात नेलं, तर तिथले मोठे सर्जन डॉक्टर कोठारे गिरगावात आपल्या घरी अडकलेले. निरोप पोचला तसा तो माणूस गिरगावातून परळपर्यंत चालत आला. वाटेत पोलिसांनी अडवलं, अश्रुधुरात सापडला, तरी लाल डोळे धुऊन थेट ऑपरेशनला उभा राहिला. त्या दिवशी ते घरी बसले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. माझी बायको आज आहे ती त्यांच्या पायांमुळे आणि हातांमुळे, आणि या उपकाराचं काय करावं हे मला कळेना. नारळ नेले, ते त्यांनी वॉर्डात वाटायला लावले. सुरमई नेली, ती नर्सबाईंच्या घरी गेली. धोतरजोडी तर घडी न मोडता परत आली. शेवटी वॉर्डबॉय कानात म्हणाला की डॉक्टरांकडे दारूचा परवाना आहे, आणि चांगल्या व्हिस्कीला ते नको म्हणत नाहीत.

आता दारूबंदीच्या मुंबईत चांगली व्हिस्की निवडायची, तीही मी, ज्याने जन्मात सोडावॉटरपुढे मजल मारली नाही! तेव्हा मला आमच्या मिलचे जुने वीव्हिंग मास्टर सोराबजी आठवले. ते आता दादरच्या पारशी कॉलनीत असतात, हृदयासाठी त्यांना परवाना आहे, आणि त्या हृदयाची ते फार काळजी घेतात. तुम्ही अंबिकेला बघायला आला होतात, आणि वस्तू पारखायची तर जाणता माणूस बरोबर हवा म्हणून छत्री घेऊन निघालातही. सोराबजींनी तीन बाटल्या टेबलावर मांडल्या. एकीवर हरिण होतं. तुम्ही म्हणालात, जो प्राणी माणूस बघून पळतो तो डॉक्टरच्या घरी नको. दुसरीवर जहाज होतं, ते बघूनच तुम्हाला बोट लागली. तिसरीवर दाढीवाला म्हातारा होता, हातात काठी, डोळे वटारलेले. तुम्ही एकदम हात जोडलेत आणि म्हणालात, "जयवंता, ह्यो तर आपल्या वेशीवरचो राखणदार!" सोराबजी बिचारे सांगत होते, "अरे मामा, दाढी नाय बघायची, वय बघायचा! ए बारा वरस लाकडाच्या पिंपात ठेवलेली हाय." बारा वर्षं ऐकल्यावर तर तुम्ही पायांतल्या वहाणाच काढल्यात. बारा वर्षं म्हणजे एक तप झालं, असं म्हणून तुम्ही बाटलीला नमस्कार केलात. मी पैशांचं नाव काढलं तर सोराबजींनी काठी उगारली आणि अंबिकेला आशीर्वाद सांगितला. देव त्यांचं हृदय असंच नाजूक ठेवो, म्हणजे परवाना चालू राहील.

येताना परळच्या नाक्यावर मोर्चा आडवा आला, हे मास्तरांना जरूर सांगायचं आहे. बाटली मामांच्या कोटाच्या आत, उजव्या काखेत. घोषणा उठली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि मामांना कुठे राहवतंय! "झालाच पाहिजे!" म्हणून त्यांनी डावा हात उंच केला, उजवा मात्र अंगाशी घट्ट. शेजारच्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने या हातावर लाठी खाल्लेली दिसते. त्यांनी मामांना वाट करून दिली, पाणी पाजलं, आणि मानाने नेऊन मोर्चाच्या अगदी पुढे उभं केलं, म्हणजे पोलिसांच्या समोर! एक हवालदार पुढे आला, मामांच्या आखडलेल्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आजोबा, लय सोसलंत. आता घरला जाऊन हाताला हळद लावा." मामांनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. मी मात्र लालबागपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

आणि मग घरी तो प्रकार झाला. मी बाटलीला गुंडाळायला रंगीत कागद शोधतोय, तोवर तुम्ही गॅलरीत नारळ ठेवून, बाटलीचं सील दातांनी तोडून उभे! राखणदाराला दिल्याशिवाय ही वस्तू माणसाला द्यायची नसते, हे मीही गावचाच, मला कळतं. पण मामा, बारा वर्षांचं तप, आणि तुम्ही ते गॅलरीच्या चार कोपऱ्यांत ओतलंत! तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, "बा राखणदारा, ज्या डाक्टरान माझ्या भाचेसुनेक मरणाच्या दारातसून परत आणल्यान, तेच्या हाताक येश दी रे म्हाराजा! तेची काय इडापीडा आसात ती वेशीभायर घाल रे म्हाराजा!" आणि आख्खी चाळ दारांत येऊन ओरडली, "व्हय म्हाराजा!" खालच्या मजल्यावरच्या राधाबाई तेवढ्या विचारत होत्या की वरून स्पिरिट कोण सांडतंय. वडील माणसापुढे बोलायचं कसं? मी नळावर जाऊन दोन तांबे पाणी प्यायलो.

तुम्ही गेल्यावर दुसरी बाटली कुठून आणणार? चार बोटं रिकामी, सील फुटकं, तशीच ती घेऊन मी आणि अंबिका गिरगावात गेलो. डॉक्टरांनी कागद सोडला, बाटली उजेडात धरली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही आधी चाखून बघितलीत वाटतं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तर अंबिका पुढे होऊन म्हणाली, "नाय हो डाक्टर, ह्यांका सोडासुदिक चढता. ती राखणदाराक दिली, तुमच्यासाठी." मग तिने तुमचं गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "हाताक येश दी" आलं तसा डॉक्टरांनी उजवा हात पुढे धरला आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कपाटात सीलबंद बाटल्या पुष्कळ आहेत. पण माझ्यासाठी कुणी काही मागितलेलं मी आज पहिल्यांदा ऐकतोय." आणि मामा, त्यांनी ती ठेवून घेतली. नारळ घेतला नाही, सुरमई घेतली नाही, राखणदाराची उष्टी बाटली घेतली! तुमचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही ती फोडली नसती तर ती त्या कपाटात बाकीच्यांच्या रांगेत बसली असती.

मामीला नमस्कार, तांबड्या गायीला चारा. कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्याची तसदी घ्यावी.

आपला,
जयवंत

ता.क. अंबिका म्हणते, आमसुलं संपली.

ता.क. दुसरा. आमसुलांसाठी एवढं पत्र लिहिलेलं नाही. मामा, डॉक्टरांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली आहेत. कोपरातली नस दबली आहे, तिचं ऑपरेशन पुढल्या महिन्यात आहे. ते बिघडलं तर पुन्हा सुरी धरता येणार नाही. आम्ही निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि लहान मुलासारखं विचारलं, "तुमचे मामा पुन्हा येतील का हो?" पावसाने बोटी बंद व्हायच्या आत निघा. तिकीट मी पाठवतो.

ता.क. तिसरा. येताना बाटली आणू नका. डॉक्टरांनी तीच ठेवली आहे, एक थेंबही घेतलेला नाही. म्हणाले, आधी राखणदाराचं गाऱ्हाणं होऊ दे. फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायला आमची आख्खी चाळ गिरगावात येणार आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.