बेकरीच्या कोठीत दोन नायक

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर अजून राजी नाही, म्हणून हा उभ्याउभ्याच, दुकानाच्या काउंटरला टेकून केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून तोच त्यांना घेऊन हिंडतोय? इकडे मी खुशाल आहे. नुसता खुशाल नाही, जिंकलेला आहे. कसा ते सांगतो, पण मधे थांबून शेवट वाचू नकोस. तुला ती खोड लहानपणापासून आहे.

वाफेची इस्त्री एकट्यानं उचलायला गेलो आणि कंबरेत उसण भरून अंथरुणाला खिळलो, तेव्हा तू दोन गोष्टी पाठवल्यास. एक म्हणजे सल्ला (“आता धुलाईचं दुकान विक, आणि माझ्याकडे ये, वरची खोली रिकामी आहे”) आणि दुसरी म्हणजे प्रेमाच्या कादंबऱ्यांचं भलं मोठं खोकं. सल्ल्यावर मी विचार करत होतो. खरं सांगायचं तर जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला काहीही पटतं. कादंबऱ्या मात्र मी नुसत्या पायथ्याशी ठेवल्या होत्या, माशी मारायला उपयोगी म्हणून. शेवटी माशाही संपल्या तेव्हा एक उघडली.

ताई, काय लिहितात गं ही माणसं! गाव छोटं, चौक एक, बेकरी एक. नायिकेची शहरातली नोकरी जाते आणि ती चाक मोडलेली बॅग ओढत गावी परत येते. नायक दाढीवाला. त्याच्याकडे कुत्रा असतो, हातात रंधा असतो आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा असतो. दोघं भेटल्या भेटल्या भांडतात, मग वादळात एका खोलीत अडकतात, मग सगळं गोड चाललेलं असताना ती त्याला दुसऱ्याच बाईबरोबर बघते (ती बाई त्याची बहीण निघते, नेहमी बहीणच निघते), आणि शंभर पानं दोघं दोन घरांत उसासे टाकत बसतात. अरे बाबांनो, विचारा ना! एका वाक्याचं काम! पहिल्या पुस्तकाला मी हसलो, दुसऱ्याला चिडलो, तिसऱ्याच्या शेवटी डोळ्यांतून पाणी आलं (कूस बदलताना कंबरेत कळ आली होती, असं मी शेजाऱ्यांना सांगितलं). खोकं संपलं तेव्हा मी उठून बसलो होतो आणि त्या विषयात पारंगत झालो होतो.

मग दुकान उघडलं आणि बघतो तर काय, समोरची बेकरी तिच्या म्हाताऱ्या मालकाची मुलगी चालवतेय. शहरातून परत आलेली! आणि कोपऱ्यावर आपला सुतार, जो माझ्या काउंटरची उचलायची फळी दर थोड्या दिवसांनी दुरुस्त करतो आणि ती दर थोड्या दिवसांनी पुन्हा अडकते. दाढी आहे. कुत्रा आहे. दाढदुखीचा चेहरा तर जन्मजात आहे. मी मनात म्हटलं, या दोघांची शंभर पानं मी वाया जाऊ देणार नाही.

वादळ माझ्या हातात नव्हतं, कोठी होती. बेकरीच्या मागे मैद्याच्या पोत्यांची कोठी आहे, तिला बाहेरून खाली पडणारी कडी. सुताराला सांगितलं की कोठीचं दार कुरकुरतंय, बघून जा. बेकरीवालीला सांगितलं की सुतार आलाय, जरा आत जाऊन दाखव. ती आत गेली की दार लोटायचं आणि कडी टाकायची, एवढंच काम. पण सुताराबरोबर त्याचा कुत्राही कोठीत घुसला. नायक-नायिकेच्या एकांतात कुत्रा बरा दिसत नाही, म्हणून पाव दाखवून त्याला बाहेर काढायला मी आत शिरलो. त्या चोरानं पाव हिसकला, बाहेर उडी मारली, जाताना दाराला धडक दिली, दार लागलं, आणि बाहेरची कडी खाली पडली. आत कोण राहिलं? मी, सुतार, आणि एक फुटलेलं पोतं.

ओरडायला तोंड उघडणार, तर सुतार पोत्यावर शांत बसला आणि म्हणाला, “आता नियमाप्रमाणे भांडण व्हायला पाहिजे.”

मी म्हटलं, “कुठला नियम?”

तो मैदा झटकत बोलू लागला. त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी बसल्या पोत्यावरून खाली घसरलो. ताई, हा माणूसही त्याच कादंबऱ्या वाचतो! ग्रंथालयातून आणतो, वर वाळवी प्रतिबंधक उपायांच्या पुस्तकाचं कव्हर घालतो. आणि गावातला नायक म्हणून त्यानं केव्हाचं मला निवडून ठेवलंय. मी म्हटलं, मला दाढी नाही. तर म्हणे, “दाढीचं काय, वाढवता येते. घुमेपणा जन्मजात लागतो.” आणि नायिका? तर जनावरांच्या डॉक्टरबाई. त्या पांढरा कोट धुवायला टाकतात ना, तर काउंटरची फळी अडकली की मला बाहेर जाऊन कोट घेता येत नाही, त्यांना दुकानात यावं लागतं, आणि थोडं बोलणं होतं. म्हणून हा पठ्ठ्या ती फळी दर वेळी नीट बिघडवून ठेवत होता.

“आणि एक सांगा,” तो म्हणाला, “दिवसभर गाईगुरांत असतात त्या. त्यांच्या कोटावर शेवटचा डाग कधी पाहिलात?”

ताई, डाग बघून माणसानं सकाळी काय खाल्लं ते सांगणारा मी. पण डाग नाही, हे मला कधी दिसलंच नाही!

एवढ्यात दाराबाहेरून बेकरीवालीचा आवाज आला. बाई केव्हाची ऐकत उभी होती. “माझं काय ठरलं मग?” तिनं विचारलं. “कारण माझा नवरा पुढच्या आठवड्यात सामान घेऊन येतोय. त्याला दाढी नाही, आणि कुत्र्यांना तो घाबरतो.” मग तिनं कडी काढली आणि इतकी हसली की गिऱ्हाइकं बघायला आली.

मी थांबलो नाही. डोक्यापासून पायापर्यंत मैद्यानं माखलेला असा रस्ता ओलांडला. डॉक्टरबाई कोट घेऊन दुकानासमोर उभ्याच होत्या. आणि जे वाक्य बोलायला त्या कादंबऱ्यांतल्या शहाण्यांना तीनशे पानं लागतात ते मी तिथल्या तिथे, भर रस्त्यात, खणखणीत बोलून टाकलं: “डॉक्टरबाई, हा कोट स्वच्छ आहे. माझ्याशी लग्न कराल का?” त्या हो म्हणाल्या. सुतारानं टाळ्या वाजवल्या, कुत्रा भुंकला.

तर असं आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. दुकान विकत नाही. वरच्या खोलीत भाडेकरू ठेव.

ता. क. आणखी एक. लग्न नोंदणी कचेरीत आहे. माझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून सुतार सही करणार, आणि तूही कर. तुझ्याशिवाय मी पेन हातात धरणार नाही. मात्र आल्यावर डॉक्टरबाईंसमोर कादंबऱ्यांचा विषय काढू नकोस. मी जे बोललो ते थेट काळजातून आलं, असा त्यांचा समज आहे.

ता. क. (वेगळ्या अक्षरात) ताईंना नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. बाकी सगळं खरं आहे, मैद्यासकट. फक्त ते “कोट स्वच्छ आहे” एवढंच म्हणाले, आणि मग कॉलरला खळ किती घालावी यावर बोलत राहिले. लग्नाचं मी विचारलं. त्यावर सवयीनं यांच्या तोंडून निघालं, “शुक्रवारी मिळेल.” कोट की उत्तर ते कळेना, म्हणून मी शुक्रवारी गेले. दोन्ही तयार होतं.