चुड्यानं झाकायचं ठरलं होतं

४ डिसें.
सातवा लागला. काल त्यानं ढकललं, मी चौकटीवर आदळले. मग उजवं मनगट पिरगाळलं. कारण? कालवणात मीठ. मीठ बरोबर होतं, मी चाखलं होतं. या वहीत नवऱ्याचं नाव लिहायचं नाही. 'तो' पुरे. बाळ हललं तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

६ डिसें.
आशाताई वजन, बी.पी. बघायला आल्या. "हाताला काय झालं गं?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई, "मोरीत घसरली. ध्यानच नसतंय पोरीचं." मोरी म्हणे! आठ दिवस नळाला पाणी नाही, कोरडी ठणठणीत. तरी मी गप्प बसले. स्वतःचाच इतका राग...

९ डिसें.
रविवारी ओटीभरण. मग आई मला भूमला नेणार, पहिलं बाळंतपण माहेरी. सा.बाईंना घोर, मनगट अजून निळं. तोडगा त्यांचाच. "कासारणीला बोलावते. कोपरापत्तोर चुडा भर. कुणाला काय दिसतंय?"
हुशार बाई. झाकायचं कसं हे इतकं पाठ कसं? तुमचा हात कुणी पिरगाळला होता, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

१४ डिसें.
झालं एकदाचं!
कासारीण बसली, भोवती आळीतल्या बायका. डावा हात झरझर भरला. उजव्याला पहिलीच बांगडी सुजेवर अडली. तिनं हात दाबला, मी ओरडले, बांगडी फुटली. 'वाढली' म्हणायचं असतं. फुटली.
"हात कशानं सुजला बाई?"
सा.बा. : "घसरली—"
"घसरले न्हाय मावशी. मारलंय. ह्यांच्या लेकानं."
आवाज थरथरत होता, पण माझाच. कुणीतरी म्हणालं, शुभकार्यात असं बोलू नये. म्हटलं, "मग कवा बोलू? पोटातलं गेल्यावर?"
कासारणीनं बांगड्या परत दोऱ्यात ओवल्या. "ह्या हाताला म्या भरणार न्हाय." आई रडत होती. तसंच मोकळं मनगट घेऊन ओटी भरून घेतली. लई बरं वाटलं.

१६ डिसें. भूम.
सरकारी दवाखाना. बाळाचे ठोके चांगले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "नवऱ्यानं मारलं, असंच लिहा." त्यांनी लिहिलं. पुन्हा वाचून घेतलं, 'घसरून' कुठं नाही ना.

२१ डिसें.
आई : "बाळंत झाल्यावर जावं तर लागंलच की. मानसं काय म्हणतील?"
माणसं त्या दिवशी होती की समोर! काय म्हणाली? अण्णांना विचारलं, तुम्ही काय म्हणता. "बघू." बापाचा हा 'बघू' मला सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

२५ डिसें.
त्याचा फोन. "चार बायकांत इज्जत घालवलीस माझी. रविवारी न्यायला येतो. बाळंतपण हितंच."
मी येणार नाही, सांगितलं. हसला. दुपारी एकटीच ठाण्यात गेले, तक्रार दिली. हवालदार म्हणाला, "मिटवून घ्या की ताई." म्हटलं, आधी लिहून घ्या. अर्धा तास उभी राहिले. मग त्यानं खुर्ची दिली आणि लिहिलं.

२८ डिसें.
सकाळपासून आई एकच, "तू आतल्या खोलीत बस." कशाला? मी काय चोरी केलीय? ओसरीवरच बसलेय. आई विचारतेय, जावयासाठी च्या ठेवू का. अण्णा सुपारी कातरत बसलेत.
गाडीचा आवाज. तोच.
अण्णा उठले, अंगणाच्या दाराकडं चाललेत. उघडायला की कडी घालायला, काय माहीत. मी हलणार नाही.